पाणी जिथं थांबलं होतं

होडीत मधोमध बसा.

केशरी जॅकेटचा पट्टा लावा. लागला आहे ना, एकदा हातानं ओढून बघा. मग हात सोडून द्या.

दोन्ही तळवे बाजूच्या फळीवर टेकवा. फळी थंड आहे. रात्रीचं दव अजून लाकडात आहे. सांधे बुजवायला लावलेल्या डांबराचा जाड काळा थर बोटांना लागतो. त्यावरून बोट सावकाश फिरवा.

फेब्रुवारीची सकाळ आहे. उजनी धरणाचं मागं पसरलेलं पाणी, कुंभारगावचा काठ. सूर्य अजून उसाच्या वर आलेला नाही.

"पाव्हणं, आता हलू नका," होडीवाले मामा म्हणतात. बांबू काठाला टेकवून ते एकच रेटा देतात.

काठ सुटतो.

तेवढंच बघा. होडीच्या तळाला चिखल घासतो, घासतो, आणि घासायचा थांबतो. डोळ्यांच्या आधी ते पाठीला कळतं. आता खाली जमीन नाही.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

घाई नाही.

इथं पाणी उथळ आहे. वल्हं होडीत आडवं पडलेलं आहे, मामांच्या हातात लांब बांबू आहे. बांबू पाण्यात जातो, तळाला टेकतो. मामा त्यावर अंगाचा भार देतात. होडी सरकते. बांबू वर येतो.

बांबूकडे बघा.

टोकाला वीतभर काळा गाळ. त्याच्या वर ओला, गडद भाग. त्याच्याही वर कोरडा, फिकट पिवळा. ओलं संपतं आणि कोरडं सुरू होतं, तिथं एक रेघ आहे.

ती रेघ बघा.

पाणी ओघळतं आणि रेघ पुसट होते. बांबू पुन्हा बुडतो, पुन्हा वर येतो. नवी रेघ. मघाच्यापेक्षा चार बोटं वर.

"कंबरंएवढं हाय," मामा म्हणतात.

थोड्या वेळानं म्हणतात, "आता छातीला लागंल."

मग बांबू आत ठेवतात, वल्हं उचलतात. "हितनं पुढं पुरुषभर. तिकडं मधी दोन पुरुष."

खोली इथं माणसाच्या अंगावर मोजतात. तुम्हीही मनातल्या मनात खाली उतरा. घोटा. गुडघा. कंबर. छाती. हनुवटी. आता पाणी डोक्यावरून गेलं. तुमच्या डोक्यावर आणखी एक माणूस उभा आहे आणि त्याच्या केसांवरून ही होडी चालली आहे.

तिथं क्षणभर रहा.

मग वर या. फळीवर तळवे आहेत. फळी अजून थंड आहे.

वल्ह्याचा आवाज ऐका. पातं पाण्यात शिरतं तेव्हा जवळजवळ आवाजच नसतो. पाणी मागे लोटताना एक जड, गोल आवाज येतो. पातं वर येतं आणि त्याच्या कडेवरून थेंब पडतात. पहिले भराभर. मग एक. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

त्या शेवटच्या थेंबाची वाट बघा.

तो पडतो न पडतो तोच पातं पुन्हा पाण्यात जातं. पडला नाही तरी चालेल.

मन घरी जाईल, फोनकडे जाईल, परतीच्या रस्त्याकडे जाईल. जाऊ द्या. परत आलं की त्याला बांबूवरची ती रेघ दाखवा.

आता नाकाकडे लक्ष द्या.

पाण्याला वास आहे. हिरवा, कुबट, थोडा औषधासारखा. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी वाहत वाहत याच पाण्यात येतं. जलपर्णीचे पुंजके त्याच्यावरच वाढतात. हा वास टाळून उजनीवर शांत बसता येत नाही, आणि टाळू नये असं मला वाटतं. आपण जे मोरीतून सोडतो ते कुठं तरी पोचतं. ते इथं पोचतं.

तोंड फिरवू नका. वास येऊ द्या. याच पाण्यात चिलापी मासळी वाढते, याच पाण्यावर मामांचं घर चालतं.

श्वास घ्या. तसाच, वासासकट.

पुढे पाण्यावर एक फिकट गुलाबी पट्टा दिसतो. मामा वल्हं थांबवतात.

इथंच थांबू. आणखी जवळ नको.

रोहित पक्षी आहेत. शेकडो. चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून चालले आहेत. पाय जागच्या जागी आपटतात, गाळ ढवळतात, चोचीनं पाणी गाळून त्यातलं बारीक बारीक खातात. मधूनच एक मान वर येते, इकडे बघते, पुन्हा खाली जाते. घोगरा गलका चालू आहे. तो ऐका.

काही होड्या इंजिन लावून थेट थव्यात घुसतात, पंखांचे लाल-काळे रंग फोटोत यावेत म्हणून. पक्षी उठतात, दूर जाऊन बसतात, पुन्हा उठवले जातात. भुकेल्या जिवाला ताटावरून उठवून काढलेला तो फोटो असतो. तुम्ही पंख पाहू नका. पाय बघा. गुडघ्याएवढ्या पाण्यात किती निवांत उभे आहेत ते पाय.

ऑक्टोबरात इथंच पाणी खोल होतं. तेव्हा हे पाय इथं टेकले नसते. कालव्याला आवर्तनं सुटली, नदीत पाणी सोडलं, थोडं उन्हानं नेलं. पाणी हळूहळू उतरलं आणि तळ पायांच्या बेताला आला. मग रोहित आले. पलीकडे हिरवळीच्या पट्टीवर पट्टकादंब हंस चरताहेत, हिमालय ओलांडून आलेले. त्यांची हिरवळही उतरत्या पाण्यानं मोकळी केलेल्या जमिनीवरच उगवली आहे.

पाणी कमी होतं आहे. ते बघत बसा. त्याला अजून चांगलं म्हणू नका, वाईटही म्हणू नका.

आता काठाकडे तोंड करा.

होडी आपोआप वळते आहे. वळू द्या.

काठ मुरमाड आहे आणि त्यावर आडव्या रेघा आहेत. एकीवर एक, एकीवर एक, वर बाभळीच्या बुंध्यापर्यंत. पाणी उतरता उतरता जिथं जिथं चार दिवस रेंगाळलं, तिथं त्याच्या लाटांनी बोटभर उंचीची एक पायरी कोरली. मुंग्यांसाठी कुणी घाट बांधावा, तसा सगळा उतार दिसतो.

सगळ्यात वरची रेघ शोधा. तिथं पाणी पावसाळ्याच्या अखेरीस होतं. वाळलेली जलपर्णी आहे, एक चप्पल आहे, बाटल्या आहेत.

त्याखालची रेघ. थोडे पांढरे शिंपले.

त्याखालची.

डोळे एकेक रेघ उतरू द्या. दोन रेघांच्या मध्ये अंतर जास्त आहे, तिथं पाणी झपाट्यानं गेलं. रेघा दाट आहेत, तिथं ते थांबत थांबत गेलं.

सगळ्यात खालची रेघ अजून ओली आहे. ती आजची. लाट येते, तिच्यावर हात फिरवते, मागे जाते.

ही आजची रेघ बघत रहा. तुम्ही बघत असतानाच ती तयार होते आहे.

...

धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर असते. ती 491.03 मीटरला उतरली की धरण शून्य टक्के झालं असं धरतात. मध्ये सहा मीटरही नाहीत. मामांच्या मापानं तीन पुरुष आणि वर थोडं.

तीन माणसं एकमेकांच्या डोक्यांवर उभी आहेत, अशी कल्पना करा. तेवढ्या उंचीत सोलापूरचं पिण्याचं पाणी आहे. ऊस आहे, केळी आहे. पंढरपूरला चंद्रभागेत उतरणाऱ्यांच्या ओंजळीत येतं ते आहे. रोहितांचे पाय आहेत.

जमीन इथं सपाट आहे. म्हणून पाणी एक हात खाली उतरलं की काठ पुष्कळ आत सरकतो.

आणि शून्य झाल्यावरही होडीखाली पाणी असतं. धरणात एकूण सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं 63 अब्ज घनफुटांहून जास्त त्या शून्याच्या खाली आहे. पाऊस हुकला की तेही वापरावं लागतं. मग रोजच्या आकड्याआधी 'उणे' लागतं. उणे दहा. उणे तीस. 2024 च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला.

होडीच्या कडेवरून खाली बघा. तळ दिसत नाही. हिरवट अंधार आहे.

त्या अंधारात एक नदी आहे. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याआधी भीमा इथून आपल्या पात्रातून वाहत होती आणि काठानं गावं होती. बांध होते, विहिरी होत्या, उंबरे होते, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. माणसं सामान बांधून वर गेली. जमिनी गेल्या. कुणाच्या अंगणावरून आपण आत्ता चाललो आहोत, ते वरून सांगता येत नाही.

वल्हं थोडं हळू चालू द्या.

पळसदेवला जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात आहे. गाव वर आलं, देवाला नव्या गावात नवं देऊळ झालं, आणि जुनं देऊळ नदीपाशीच राहिलं. पाणी उतरत गेलं की आधी शिखर दिसतं. दुष्काळाच्या वर्षी सगळंच उघडं पडतं. 2024 लाही पडलं होतं. म्हातारी माणसं होडीतून किंवा तडकलेल्या गाळावरून चालत तिथं जातात. नातवंडांना दाखवतात. इथं पार होता. इथून आपल्या घराकडं वाट जायची.

त्या शिखराजवळ मनानं होडी न्या. बांधू नका, नुसती उभी करा.

दगडावर हात ठेवा. उन्हानं तापलेला आहे. हाताखाली वाळलेल्या शेवाळाची पापडी आहे. नखानं उचलली तर सुटून येते, खाली दगड स्वच्छ आहे. त्यावर कुणाच्या तरी छिन्नीची एक तिरपी खूण आहे. इतक्या वर्षांच्या पाण्यानं ती गेलेली नाही.

ती खूण चाचपत रहा.

हे देऊळ बघायला मिळालं याचा आनंद होतो. हे देऊळ दिसतं आहे म्हणजे धरणातलं पाणी फार खाली गेलं आहे, याचं दुःख होतं. दोन्ही एकाच वेळी छातीत असू द्या. एकाला दुसऱ्यासाठी उठवू नका.

श्वास घ्या. जेवढा मावेल तेवढाच.

...

आता मे महिना येऊ द्या.

ऊन पाण्यावर आडवं पडलं आहे. काठ लांब गेला आहे. मामांचा होडीचा खुंट तीनदा खाली सरकला आहे. मधल्या गाळाला भेगा पडल्या आहेत आणि जिथं अजून ओल आहे तिथं कुणी गाळपेर केली आहे, मक्याचे हिरवे पट्टे दिसतात. उघड्या पडलेल्या बेटावर नदी सुरय पक्ष्याची मादी खड्यांत अंडी घालून बसली आहे. तिची चोच पिवळीधमक आहे. ती उन्हात हलत नाही.

शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यामागे चालल्या आहेत. पाणी गेलं तिकडे चर खणायचा, पाइप जोडायचा, केबल ओढायची, मोटार चारजणांनी उचलून पुढे ठेवायची. आठवड्यानं पुन्हा. काठावर उभं राहून बघा, पाइपांच्या काळ्या ओळी दूर पाण्यापर्यंत गेलेल्या दिसतात. प्रत्येक ओळीच्या वरच्या टोकाला कुणाची तरी केळीची बाग आहे.

दुपार कलते.

हवा थांबली आहे. ही थांबलेली हवा अंगावर घ्या. घाम वाळत नाही. पश्चिमेला आभाळ शिशाच्या रंगाचं झालं आहे.

"चला, काठाला घ्या," मामा म्हणतात, आणि आता ते घाई करतात.

तुम्ही घाई बघा. तीही बघण्यासारखी आहे. वल्ह्याचे फटके आखूड होतात. मघाचा शेवटचा थेंब आता पडत नाही.

वळवाचा वारा उजनीवर येतो तेव्हा त्याला अडवायला काही नसतं. मैलभर सपाट पाण्यावरून तो पळत येतो आणि लाट उभी करतो. 21 मे 2024 ला, संध्याकाळी, कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एका काठाहून दुसऱ्या काठाला जाणारी साधी माणसं होती. सडकेनं लांबचा वळसा पडतो म्हणून इथं लोक होडीनं ये-जा करतात.

थांबा.

इथं काही शोधू नका. अर्थ नको.

सहा श्वास घ्या. एकेकासाठी एक.

...

जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघा.

होडी काठाला लागली आहे. पाय चिखलात ठेवा. चिखल घोट्यापर्यंत येतो, कोमट आहे. बोटांच्या फटींतून वर येतो. उभे रहा. खालची जमीन हळूहळू घट्ट होते.

आता नुसतं वाट बघणं आहे.

जून जातो. इथं पाऊस नाही. हा भाग पर्जन्यछायेचा. ढग वरून निघून जातात, चार थेंब टाकतात, मातीचा वास उठवतात आणि पुढे सरकतात. पाणी तिथंच आहे. रोज काठाशी येऊन बसा. रोज तीच शेवटची रेघ बघा.

उकिडवे बसा, पाण्याच्या अगदी कडेला. एक काडी घ्या आणि पाणी संपतं तिथं बरोबर रोवा.

काडीकडे बघा.

दूर पश्चिमेला भीमाशंकरच्या जंगलात पाऊस कोसळतो आहे. मावळात कोसळतो आहे. पानशेत, वरसगाव भरत आली आहेत. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आहे, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला आहे. देहू-आळंदीच्या घाटांना लागून इंद्रायणी निघाली आहे; तुळापूरला ती भीमेला मिळते. मुळा-मुठा खाली येऊन मिळते. सगळं पाणी दौंडवरून इकडे यायला निघालं आहे.

आषाढात पालख्या ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं. देहू-आळंदीचं पाणी इथं मुक्काम करतं आणि मग पंढरीला जातं.

तुमच्या डोक्यावर मात्र ऊन आहे. आभाळ निळं आहे.

काडीकडे बघत रहा.

ओली माती काडीच्या खाली होती. आता काडीच्या बुडाला एक बारीक चमक आहे. वारा असेल, असं वाटतं. चमक जात नाही. एक मुंगी काडीच्या पायाशी आली होती, ती वळते आणि काडीवर चढते.

पाणी चढतं आहे.

आवाज नाही. पाऊस नाही. ते नुसतं जमिनीवर सरकत येतं, भेगेच्या तोंडाशी थांबतं आणि आत उतरतं. भेगेतून बुडबुडे येतात. ते ऐका. कान खाली न्या. कोरडी माती पाणी पिते तेव्हा बारीक चरचर होते.

एक भेग भरते. शेजारची भरायला लागते.

काडीवरची मुंगी आणखी वर जाते. काडी उपटून मागे, कोरड्यात रोवा. पुन्हा बसा.

काठावर आता माणसं जमली आहेत. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे. "दौंडहून किती सुटलंय?" कुणी मोबाइलवर बघून क्युसेकचा आकडा सांगतो. कुणी म्हणतो, कालच्यापेक्षा दुप्पट. चेहरे बघा. तीन महिने ताणलेलं कपाळ सैल होताना कसं दिसतं, ते बघून घ्या.

मामा होडीचा खुंट उपटून वर आणताहेत.

श्वास सोडा. बराच वेळ धरून ठेवला होता.

"पाव्हणं," कुणी तरी हाक मारतं. त्या चरात खाली मोटार आहे आणि पाणी तिच्या चौथऱ्याला लागलं आहे. रात्रीत बुडेल. पाइप सोडवायचे आहेत, केबल गुंडाळायची आहे, मोटार उचलून वर बाभळीपाशी न्यायची आहे. तिघं आहेत, चौथा हवा आहे.

उठा. चपला इथंच राहू द्या. खाली उतरताना डावीकडून या, उजवीकडे गाळ खोल आहे. तुमच्या बाजूची कडी धरा, आणि सगळे "हां" म्हणतील तेव्हा उचला.